फरदडीसाठी सोडलेली जागा

आमचे घरमालक कोऱ्या कागदाला दहीभात दाखवायचे. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, डोक्यानं ठीक होते ना? होते बाबा, ठीक होते. यवतमाळात घर भाड्यानं द्यायला जेवढं ठीक असावं लागतं, तेवढे नक्की होते.

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडापुढे दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, थोडा भात झाडांवर उधळायचा, उरलेला वेचणाऱ्या बायांनी खायचा आणि मग ओटी बांधून कामाला लागायचं. काकाजी हाच विधी कागदापुढे करायचे. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काकाजीच म्हणायचो. टेबलावर कोरा कागद, बाजूला पळसाच्या पानावर दहीभात, वर चिमूटभर हळद. डोळे मिटून हात जोडायचे. मग तो भात स्वतःच चाटूनपुसून खायचे आणि कागद उचलून ठेवून द्यायचे. त्या दिवशी एक अक्षर लिहायचे नाहीत.

काकू आतून ओरडायच्या, "झाली का पूजा? आता जरासं लिहा बी!"

"सीतादहीच्या दिवशी कोनी गाडीभर कापूस घरी आनते का वं?" काकाजी म्हणायचे, आणि आडवे व्हायचे.

समोरच्या खोलीत त्यांचा छापखाना होता. पायानं चालवायचं जुनं यंत्र, खिळ्यांच्या पेट्या आणि शाईचा वास. त्या वासानं आमच्या घरातली डाळसुद्धा काळी लागायची असं आई म्हणायची. लग्नपत्रिका आणि तेरवीच्या चिठ्ठ्या तिथे छापल्या जायच्या, पण काकाजींचा खरा जीव मानपत्रात. माणूस नोकरीतून निवृत्त झाला की शाल, नारळ आणि काचेच्या चौकटीत लावलेला कौतुकाचा कागद देतात ना, ते. गावातल्या बाकीच्या छापखान्यांत त्याचा मजकूर तयारच असायचा. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख, सेवाभावी. फक्त नाव बदलायचं. सकाळी सांगा, दुपारी न्या. काकाजींकडे मात्र माणूस निवृत्त व्हायच्या कित्येक महिने आधी सांगावं लागायचं, आणि तरीही वेळेवर मिळेल याचा भरवसा नसायचा. धंदा कसा चालायचा हे काकूंनाच ठाऊक. त्या लोणची घालून विकायच्या.

त्यांचं लिहिणं म्हणजे अक्षरशः वेचणी. लग्नपत्रिकांच्या कागदाचे कापून उरलेले गुलाबी-पिवळे तुकडे खिशात घालून ते निघायचे. ज्याचं मानपत्र त्याच्या घरी जायचे, कचेरीत बसायचे, तो जिथे चहा प्यायचा त्या टपरीवर बसायचे. कुणी काही बोललं की एका तुकड्यावर एक वाक्य लिहायचं. घरी येऊन तो तुकडा बांबूच्या दुरडीत टाकायचा आणि विसरून जायचं. पंधरावीस दिवसांनी पुन्हा त्याच माणसांकडे, पुन्हा तोच प्रश्न.

लोक वैतागायचे. "काकाजी, मागच्या बारीले सांगतलं ना तुम्हाले सगळं!"

"थे मागच्या बारीले फुटलं होतं, वेचलं. आता काय फुटलं थे सांग."

"काही नाही फुटलं!"

"मंग मी बसतो. च्या सांग."

एका वेचणीत शेत रिकामं होत नाही, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. बोंडं काही एकाच दिवशी उमलत नाहीत. जे उमललं ते उचलायचं, मिटलेल्याला हिसका मारायचा नाही. आणि सकाळी सकाळी वेचायचं नाही. दवानं भिजलेला कापूस घरात आणला की पिवळा पडतो. कुणी रडत, चिडत किंवा फार प्रेमात येऊन बोलायला लागलं की काकाजी पेन खिशात ठेवायचे. "दव उडू दे," म्हणायचे, "मंग लिहू."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि निबंधस्पर्धांची ढाल घरी आणण्याची मला सवय लागली होती. विषय हातात पडला की तासाभरात चार पानं. माझ्यासारख्या पोरीला हे सगळं म्हणजे निव्वळ आळस वाटायचा. एकदा मी म्हटलंही, "काकाजी, तुम्ही लिहीत नाही, तुम्ही टाळता." ते खूश झाले. "हाव," म्हणाले, "टाळनंबी शिकावं लागते बाई."

त्यांच्या या चालीचे हाल बाकी घरानं भोगले. अमरावतीला दिलेल्या मुलीला ते पत्र लिहायचे तेही असंच, महिनाभर, थोडं थोडं. एकदा काकूंना ताप आला. काकाजींनी पत्र लिहायला घेतलं. ताप उतरला, काकू उठल्या, नातवंडांची आठवण आली म्हणून अमरावतीला गेल्या. तिथे एक दिवस पोस्टमन आला. पत्र काकूंनीच फोडलं. आत लिहिलं होतं, तुझ्या आईची तब्येत बरी नाही, येऊन भेटून जा. काकू परत आल्या त्या दिवशी आमच्या अंगणात जे भांडण झालं, ते ऐकायला शेजारच्या गल्लीतून बाया आल्या होत्या.

आणि एका हेडमास्तरांची गोष्ट तर सगळ्या गावाला माहीत. निरोपसमारंभाचा दिवस उजाडला तरी मानपत्र पुरं नव्हतं. काकाजी व्यासपीठावर गेले, होतं तेवढं वाचलं आणि म्हणाले, "बाकीचं अजून फुटलं नाही, माफी असावी." खाली बसले. लोक पोट धरून हसले. पण ते हेडमास्तर पुढे कितीतरी वर्षं बाजारात भेटले की काकाजींना विचारायचे, "काय हो, फुटलं का?" आणि काकाजी कधी कधी खरंच घरी जाऊन एखादी ओळ त्यांच्या चौकटीत लिहून यायचे.

कारण त्यांच्या प्रत्येक मानपत्राचा खालचा भाग कोरा असायचा. वर मजकूर, खाली पांढरी जागा. मी विचारलं, तर म्हणाले, "फरदडीसाठी सोडली."

सगळ्या वेचण्या झाल्या, कापूस घरी आला, तरी काही लोक पऱ्हाटी उपटत नाहीत. एखादं पाणी देतात. मग मागाहून थोडीफार बोंडं फुटतात, ती फरदड. माझे बाबा हे ऐकत होते. ते म्हणाले, "फरदडीचा माल हलका असतो, काकाजी. मी घेतही नाही."

"हलका असते ना भाऊ," काकाजी म्हणाले. "पन झाडाच्या पोटात शेवटी काय राह्यलं होतं, थे त्याच्यातच कयते."

बाबांना हे सांगायचा अधिकार होता. ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते.

ग्रेडर म्हणजे काय ते सांगते. कापसानं भरलेल्या गाड्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात रांगेत उभ्या असतात. ग्रेडर गाडीवर चढतो, कापसात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर काढतो, दोन्ही हातांच्या बोटांनी धागा ओढून पाहतो, ओल पाहतो, कचरा पाहतो आणि ग्रेड सांगतो. ग्रेड खाली गेला की भाव खाली. एवढंच काम. पण ती वर्षं फार वाईट होती. कापसाला भाव नव्हता, रांगा जिनिंगच्या फाटकाबाहेर रस्त्यावर यायच्या, माणसं गाडीखाली झोपून आपल्या पाळीची वाट पाहायची. भाव ठरवणारे कुठे बसतात हे कुणाला दिसत नव्हतं. दिसायचा तो बाबांचा हात. सगळ्यांचा राग त्या हातावर.

त्या वर्षांत मोठ्या शहरांतून पत्रकार यायचे. एक तर सकाळी आमच्या दारात आला, दुपारी काकाजींच्या टेबलावर बसून त्यानं लिहिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. काकाजींनी त्याला जेवू घातलं, लिहिलेलं ऐकलं. तो गेल्यावर म्हणाले, "पोट्टा हुशार हाय. पन दवातच वेचून राह्यला." 

बाबा त्या काळात गप्प झाले होते. आणि चमच्यानं जेवायला लागले होते. एक दिवस केंद्रावरून आले, ताटावर बसले आणि आईला म्हणाले, "चमचा दे." तेव्हापासून चमचा. भाकर वरणात कुस्करायची आणि चमच्यानं खायची. लग्नाच्या पंगतीत खिशातून चमचा काढायचे, लोक बघायचे, म्हणून मग त्यांनी पंगतीला जाणंच सोडलं. आई विचारून थकली. मी थट्टा करायचे, बाबा साहेब झाले म्हणून.

त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. केंद्रातल्या लोकांनी समारंभ ठरवला, तोही आवारातच, कारण हंगाम चालू होता, रांग सोडून कुणाला कुठे जाता येणार? बाबा नको नको म्हणत राहिले. शेवटी अंगणात काकाजींपुढे बोलून गेले, "त्या गाडीवाल्यांसमोर माझं कौतुक वाचणार? खोटं वाचलं तर लोक हसतील. आणि खरं वाचलं तर मी कुठे तोंड दाखवू?"

मला बापाचा असा आवाज सहन झाला नाही. मी आत गेले आणि तासाभरात मानपत्र लिहून आणलं. काकाजींनी चष्मा लावला. "कर्तव्यदक्ष... मनमिळाऊ... अजातशत्रू." इथे ते थांबले. "अजातशत्रू? तुह्या बापाले?" आणि असे काही हसले की बाबाही हसले. फार दिवसांनी हसले म्हणून मी रागावले नाही.

"राहू दे," काकाजी म्हणाले, "हे मी लिहितो. भाऊ, चालन ना?"

बाबांनी खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी काकाजींनी कागदाला दहीभात दाखवला.

आणि मग ते सायकलवर रोज केंद्रावर जायला लागले. रांगेतल्या गाड्यांच्या सावलीत बसायचे, गाडीवाल्यांच्या फडक्यातली भाकर खायचे आणि विचारायचे, "ग्रेडर कसा माणूस हाय बावा?"

पहिली वेचणी त्यांनी अंगणात आमच्यासमोर वाचली. काय सांगू! एकेका तुकड्यावर एकेक शिवी. काळजाचा नाही, डोळ्याचा फुटका, बोट लावते अन् भाव पाडते. बाबा दाराच्या आत खुर्चीवर बसून ऐकत होते. आई पदर खोचून बाहेर आली. "काकाजी, हे मानपत्र आहे की शिव्यापत्र? घरमालक आहात म्हणून काहीही ऐकून घ्यायचं?"

"पहिली वेचनी हाय बाई. जे वर होतं थे आलं." मग ते थोडे थांबले आणि दाराकडे बघून म्हणाले, "एक गोष्ट म्या लिहिली नाही, नुसती ऐकून आलो. दारव्ह्याकडचा एक गाडीवाला हाय. भाऊ, त्यानं तुमचं मनगट धरलं होतं ना? म्हने मी बोल्लो त्याले, ह्याच हातानं जेवतं ना तू, किडे पडन ह्या हाताले."

आईनं दाराआड बसलेल्या बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणून चमचा." आणि अंगणातच खाली बसली. त्या दिवशी मला माझ्या थट्टेची फार लाज वाटली, अन् त्या माणसाचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याला चावले असते.

"त्याचं नाव काय?" मी काकाजींना विचारलं.

"नाव कायले पाहिजे तुले? दव उडू दे."

दिवाळी झाली, थंडी पडली. काकाजी पुन्हा त्याच लोकांकडे गेले. तेच गाडीवाले दुसरी-तिसरी खेप घेऊन येत होते. दारव्ह्याकडचा तो भेटला. काकाजींनी तोच प्रश्न विचारला. तो भडकला, सांगतलं ना एकदा म्हणाला. काकाजी बसून राहिले. त्यानं विडी पेटवली, विझवली आणि खाली बघून बोलला, "कापूस ओला होता बुवा माहा. वजन भरावं म्हून मीच पानी मारलं होतं. घरात सोयरीक होती. त्यानं हात घातला अन् ओला हाय म्हने, चार लोकायसमोर. खरंच होता. म्हून तं जास्त लागलं."

काकाजींनी हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. "बघा! छापा हे! बाबा खरे होते!"

काकाजी माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले. "त्यानं मले भरोशावर दिलं, अन् तू त्याले आवारात उभा करतं? एकाची मान वर कराले दुसऱ्याची कापाची? हे मानपत्र हाय का फौजदारी?" मग स्वतःच शांत झाले. "अजून एक वेचनी हाय."

समारंभ तोंडावर आला तरी दुरडीतून काही निघेना. बाबा आता काही विचारत नव्हते, पण छापखान्याच्या दारावरून जाताना पावलं हळू करायचे. काकूंनी देवाला नारळ बोलला. मी माझं अजातशत्रूवालं मानपत्र गुपचूप पुन्हा स्वच्छ लिहून ठेवलं, हो, वेळेला असावं म्हणून.

शेवटच्या आठवड्यात काकाजी दुपारीच घरी आले. सायकल भिंतीला न टेकवता तशीच सोडली, ती पडली, तरी बघितलं नाही. सरळ आईकडे आले. "बाई, तुमचे हे गाडीवर चढतानी चप्पल काढते, ठाऊक होतं का तुम्हाले?"

आईला ठाऊक नव्हतं. मला नव्हतं. केंद्रातल्या लोकांनीही कधी लक्ष दिलं नव्हतं. एका म्हातारीनं सांगितलं होतं, जी मुलाबरोबर गाडीवर बसून यायची. तीन वेळा विचारलं तेव्हा आठवलं तिला. बाकीचे लोक बूट घालून कापसात उतरतात, हा माणूस खाली चप्पल काढून ठेवतो आणि मग चढतो. तिच्या कापसाचा ग्रेडही त्यानं पाडला होता. ती त्याला शिव्याही द्यायची. पण लक्ष्मीवर पाय ठेवताना चप्पल काढतो, हे तिनं पाहिलं होतं.

काकाजी त्या दुपारी लिहायला बसले आणि संध्याकाळच्या आत खिळे जुळवून मोकळे झाले. मी बघतच राहिले. एवढ्या भरभर लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

समारंभाला आवारात एक सतरंजी, चार खुर्च्या आणि भोवती गाड्याच गाड्या. वरिष्ठ साहेबांनी घड्याळ बघत शाल दिली. गाडीवाले जागेवरूनच माना वळवून बघत होते. बाबा खुर्चीत अंग चोरून बसलेले, उजवा हात शालीखाली. काकाजी उठले आणि नेहमीच्या संथ आवाजात वाचू लागले:

"हे आमचे ग्रेडर. यांनी सांगितलेला ग्रेड पुष्कळांना आवडला नाही." मागून हशा आला. काकाजी थांबले, हशा संपू दिला. "यांना लोकांनी शिव्या दिल्या. त्या शिव्या खोट्या नव्हत्या, कारण देणाऱ्याचं दुःख खरं होतं. ओल्या कापसाला यांनी कोरडं म्हटलं नाही. ओळखीच्या माणसाचा होता तरी म्हटलं नाही. पण गाडीवर चढताना दर वेळी यांनी चप्पल खाली काढून ठेवली. ज्या कापसाचा ग्रेड पाडला, त्याच्यावरही हे चप्पल घालून उभे राहिले नाहीत."

संपलं. एवढंच होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. गाड्यांवरची माणसं एकदम बाबांच्या पायांकडे बघायला लागली. बाबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मग गाड्यांतून एक माणूस पुढे आला. काकाजींनी माझा दंड घट्ट धरला, तेव्हा मला कळलं हा कोण. तो बाबांसमोर उभा राहिला. "साहेब, जेवाच्या आधी माही गाडी पाहून द्या. उद्या दुसरा कोनी येईन, त्याची मले ओयख नाही."

वरिष्ठांनी कपाळाला आठ्या घातल्या. बाबा उठले. शाल खुर्चीवर ठेवली. गाडीजवळ गेले आणि सगळ्या आवारादेखत चप्पल काढली. वर चढले, कापसात कोपरापर्यंत हात घातला, मूठ बाहेर काढली, धागा ओढला. मी मनात म्हणत होते, बाबा, आजच्या दिवस चांगला म्हणा हो.

"ओल आहे," बाबा म्हणाले.

त्या माणसानं कान खाजवला. "हाव साहेब," म्हणाला, "जराशी हायेच."

सगळं आवार हसलं. ते हसू कुणाला लागणारं नव्हतं. तो माणूसही हसला, बाबाही हसले. बाबा खाली उतरले तसा त्यानं गाडीला टांगलेला पाण्याचा डबा सोडला. "हात पुढं करा, साहेब. जेवाले बसू." आणि त्यानं बाबांच्या हातावर पाणी ओतलं. बाबांनी हात चोळून चोळून धुतला. तो ओतत राहिला, डबा रिकामा होईपर्यंत.

पंगत आवारातच होती. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. तो बाबांच्या शेजारी बसला. आईनं पिशवीतून चमचा काढून पत्रावळीजवळ ठेवला, नेहमीसारखा. बाबांनी चमच्याकडे पाहिलं, तो उचलून बाजूला ठेवला आणि वरण-भात कालवला. आईनं तोंडाला पदर लावला. मी सरळ रडले, कोण बघतं याची पर्वा न करता.

काकाजी पंगतीतून उठले, उष्टा हात धुतला आणि मला म्हणाले, "आन तं थे इकडं. मानपत्र." चौकटीचे मागचे खिळे काढले, कागद बाहेर घेतला, मांडीवर धरला आणि खाली सोडलेल्या पांढऱ्या जागेत निळ्या पेनानं एक ओळ लिहिली.

काकाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. छापखान्याचं यंत्र भंगारात गेलं, दुरडीत काकू लसूण ठेवतात. त्यांच्याबद्दल लिहायला मी किती वेळा बसले आणि किती वेळा उठले, ते सांगत नाही. ते असते तर म्हणाले असते, अजून थांब. यावेळी बसायच्या आधी मी कागदाजवळ दहीभात ठेवला. माझ्या मुलानं विचारलं, आई, डोक्यानं ठीक आहेस ना?

मानपत्र बाबांच्या बैठकीत अजून आहे. छापलेला मजकूर फिका पडलाय, निळी ओळ तेवढी स्पष्ट दिसते: "आज भाऊ हातानं जेवले." नवे पाहुणे ती वाचून गोंधळतात. मानपत्रात हे काय लिहिलंय, म्हणून आईला विचारतात.

"तेच तर मानपत्र आहे," आई म्हणते. "वरचं नुसतं छापलेलं आहे."